पायालू

तेल पाजलेली वाळू काळी पडते आणि बॉल तिच्यावरून आवाज न करता पळतो.

विलायची घातलेला, आलं न घातलेला चहा.

दुपारी खाणीत सुरुंग उडतात तेव्हा टाउनशिपमधल्या कपाटांतल्या कपबशा एकमेकींना हळूच लागतात. बोलणारी माणसं थांबतात आणि मग पुन्हा बोलू लागतात. मधल्यामध्ये विषय बदललेला असतो.

मध्य प्रदेशात, बैहरच्या आसपास, मराठीतला ळ जिभेवर टिकत नाही. काळ्याचा काला होतो, फळाचं फल होतं.

थंडीची सकाळ. अंगणात एक माणूस घाईघाईनं अंगावर तांबे ओतून घेतोय. फाटकाबाहेर उभं असलेलं पोर ते पाणी कुठं वाहत जातं ते बघतंय.

पालथ्या माणसाची पाठ.

हे सगळं त्या एका क्षणात आलं, की नंतर अंथरुणावर पडल्या पडल्या गोळा झालं, हे चंद्रशेखरला आता सांगता येत नव्हतं. क्षण मात्र पक्का होता. रविवारची सकाळ, सातवं होल. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर म्हणून त्याची अर्धी हयात गेली होती आणि गोल्फ तो शिकला होता चाळिशी उलटल्यावर, टेकडीच्या उतारावरच्या एका मैदानात, जिथं हिरवळ टिकत नाही म्हणून होलाभोवती तेल पाजलेली वाळू पसरतात. त्यानं पाय रोवले, काठी उजव्या खांद्यावरून मागं नेली, अंग पिळलं. वर गेलेली काठी परत फिरण्याआधी निमिषभर थांबते. त्या निमिषात मागून कुणीतरी हलक्या आवाजात बोललं. पायालू. मग काठी खाली आली, कारण सुटलेली काठी थांबवता येत नाही, आणि कमरेत, उजव्या अंगाला, ओला बांबू चिरताना कोयता गाठीपाशी अडकावा तसं काहीतरी अडकलं. बॉल कुठं गेला ते त्यानं पाहिलं नाही. तो गुडघ्यांवर होता. डोळ्यांसमोर वीरेंद्रचे बूट होते. मागं उभा होता तो वीरेंद्रच. बाकीचे सगळे बाजूला, जनरल मॅनेजर साहेबांच्या भोवती.

साहेब हिंदीत म्हणाले की या वयात हे सगळ्यांनाच होतं, आणि त्यासरशी जो तो आपापली कंबर सांगू लागला. कुणाची तिसऱ्या होलावर गेलेली, कुणाची बॉल ठेवायची साधी टी वाकून जमिनीत खोवताना. एकानं शर्ट वर करून पट्टा दाखवला, मग दुसऱ्यानं. पन्नाशीतल्या त्या सगळ्या माणसांच्या शर्टाखालून पट्टे निघत गेले, आणि चंद्रशेखर गवतावर हात टेकून त्यांच्याकडं खालून बघत राहिला. एवढे दिवस हे सगळे आपल्यापासून कमरा लपवून खेळत होते, असं त्याला वाटलं. वीरेंद्रनं काखेत हात घालून त्याला उठवलं. "काय झालं बे शेखर," तो म्हणाला, त्याच हलक्या आवाजात, मराठीत. त्या मैदानात मराठी कळणारे ते दोघेच होते. वीरेंद्र लालबर्र्याचा, घरची राइस मिल, पण मिल भावावर सोडून इकडं नोकरीला आलेला. चारचौघांत दोघं हिंदीत बोलत. इतरांना कळू नये असं काही असलं की मराठीत.

म्हणजे तो शब्द मुद्दाम मराठीत बोललेला होता.

हा निष्कर्ष चंद्रशेखरनं फळीवर पडल्या पडल्या काढला. गादी काढून पलंगावर नुसती फळी ठेवली होती, गुडघ्यांखाली उशी. छताच्या पंख्याला हलका झोल होता, तो त्याला इतक्या वर्षांत दिसला नव्हता. पायालू म्हणजे जो आईच्या पोटातून पायाकडून आला तो. पायाळू. उसण भरलेल्या पाठीला अशा माणसाचा पाय लागला, त्यानं तीनदा हलकी लाथ मारली, की उसण उतरते. गावोगाव हे मानतात, आणि जिथं डॉक्टर आहे तिथंही डॉक्टरकडं जाण्याआधी मानतात. चंद्रशेखर पायालू होता. त्याची आई जिजाबाई तसं सांगायची. उजवा पाय आधी आला, असं कधी म्हणायची, कधी डावा. बाईमाणसाला त्या वेळी काय दिसणार. पण ही गोष्ट परसवाड्याजवळच्या त्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. कॉलेजात नाही, नोकरीत नाही. इंजिनिअर झालेल्या माणसानं, लहानपणी आपण लोकांच्या पाठीत लाथा घालून त्यांना बरं करत होतो, हे कुणाला सांगावं? त्यानं ते आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. ते माणूस या वेळी स्वयंपाकघरात चहा करत होतं, आणि वीरेंद्र बाहेरच्या खोलीत बसला होता.

वीरेंद्र रोज येऊ लागला होता. शेकायची पिशवी त्यानं आणली, कमोडवर बसवायची उंच सीट त्यानं आणली, ड्युटीवरून परतताना गाडीचा हॉर्न न वाजवता फाटकाशी थांबे. हॉर्न न वाजवता का? आजारी माणसाला त्रास नको म्हणून, किंवा. चंद्रशेखर कान लावून पडे. पौर्णिमा आणि तो मराठीत बोलत. पौर्णिमा गोंदियाची, टाउनशिपच्या शाळेत हिंदी शिकवणारी. दिवसभर हिंदी बोलून आलेल्या बाईला घरी मराठी बोलावंसं वाटणं साहजिक होतं. शब्द कळत नसत, सूर कळे. मग सुरुंग उडे, कपाटात कपबशा किणकिणत, ती दोघं थांबत, आणि पुन्हा सुरू झालेला सूर वेगळा असे. चहा येई. चंद्रशेखरचा आल्याचा, त्या दोघांचा विलायचीचा. लग्नापासून ती त्याच्यासाठी आलं घालून करत आली होती आणि स्वतःही तोच पीत आली होती, असं तो समजत होता. तिला विलायचीचा आवडतो हे त्याला या अंथरुणावर कळलं. वीरेंद्रला ते आधीपासून कळलेलं होतं की काय? की वीरेंद्रसाठी वेगळा करावा लागतो तर त्यातच आपलाही, एवढाच हिशेब? एका कपाचा पाठपुरावा करता करता दुपार निघून जाई आणि कमरेतली गाठ, कोयता धरून ठेवावा तशी, होती तिथंच असे.

पुन्हा. काठी वर. निमिष. पायालू. आवाजात हसू होतं का? हसू नव्हतं, घाई होती. पुन्हा. पाय, मग बारीकशी फट, मग आलू. चिडवणारा माणूस फट ठेवत नाही. की ठेवतो? पुन्हा. तो शब्द त्यानं स्वतः हलक्या आवाजात म्हणून पाहिला, वीरेंद्रच्या आवाजात म्हणून पाहिला. पौर्णिमा दारात येऊन म्हणाली, काही हवं आहे का, आणि तो नाही म्हणाला.

शब्दाच्या मागं गाव होतं. गावाच्या शेवटाला, नाल्याच्या काठी त्यांची थोडी घरं. आजा भंडाऱ्याकडून आलेला; घरात बुद्धाची तसबीर, बाप डोमाजी दुसऱ्यांच्या शेतात. गावातल्या ज्या घरी डोमाजीला पाणी ओंजळीत वरून ओततात, त्याच घरून सकाळी सांगावा येई की मालकाची उसण भरली आहे, पोराला पाठव. डोमाजी पोराला घेऊन जाई आणि फाटकाशी थांबे. पोर आत जाई. सारवलेल्या अंगणात मालक पालथा पडलेला असे, तोंड एका बाजूला, मिशीला माती लागलेली. घरातल्या बायका दारातून बघत. पोरानं उजवा पाय उचलून पाठीवर ठेवायचा, जिथं दुखतं तिथं, आणि तीनदा हलकेच हाणायचं. एवढंच. पण पाय ठेवला की तळव्याला सगळं कळत असे. खरी उसण गरम असते, वाळलेल्या चिखलासारखी ताठ. पाय ठेवताच माणसाचा श्वास अडतो. खोटी पाठ मऊ असते. पुष्कळ पाठी खोट्या असत. कुणाला धानाच्या कापणीतून सुटका हवी असे, कुणाला भावाशी भांडण झाल्यावर घरच्यांचं लक्ष हवं असे, म्हाताऱ्या बायकांना नुसतं थोडा वेळ पडून राहायचं असे. पोरानं कधी कुणाचं नाव घेतलं नाही. पण माणूस तोंडानं काय सांगतो आणि त्याच्या अंगात काय असतं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्याला वाचता येण्याआधी पायानं शिकवलं, आणि ते शिक्षण पुढं कधी पुसलं गेलं नाही. कॉलेजात जातीच्या दाखल्याकडं न बघता हसणाऱ्या कारकुनाचं हसू त्यानं असंच तळव्यानं तपासलं होतं. वीरेंद्रनं पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं तेव्हा ताटाचं स्टील बाकीच्यांच्या ताटासारखंच आहे का, हेही. होतं. त्या ताटावर पंधरा वर्षांची मैत्री उभी होती.

पाय लावून झाला की मालक उठे आणि आंघोळ करी. लगेच, अंगणातच, थंडी असली तरी. आंघोळीनं उसण पुरती उतरते, असं ते लोक म्हणत. जिजाबाईही तसंच म्हणे. पोर फाटकाबाहेर बापाच्या शेजारी उभं राहून ते पाणी बघत असे. एकदा परतताना त्यानं विचारलं की बाबा, आपल्या मोहल्ल्यात कोणाची उसण उतरवली तर तो काहून आंगोल नाही करत. डोमाजी पुढं चालत होता. तो आणखी भरभर चालू लागला.

पौर्णिमाला त्यानं हे सांगितलं ते लग्नानंतर, मुलीच्या, नूतनच्या वेळी. दिवस भरत आले होते, तिची कंबर धरली होती, ती कुशीवर पडून कण्हत होती. ये, मी पायालू आहो, तो म्हणाला होता, आणि पलंगाच्या कडेला बसून त्यानं तिच्या कमरेवर अगदी अलगद तळवा टेकवला होता. ती हसली होती. हसता हसता तिची कळ कमी झाली. मग त्यानं मालकांचं सांगितलं, मातीतल्या मिशीचं, आणि शेवटी आंघोळीचं. त्यावर ती हसली नाही. थोड्या वेळानं उठून ती आंघोळीला गेली. मे महिना होता, गरोदर बाई, संध्याकाळची तिची आंघोळीची वेळच ती. ती त्याच्याच समाजातली, तिच्या बापाचीही ओंजळ तशीच ओली झालेली. आंघोळीचा तसा अर्थ लावणं म्हणजे वेडेपणा, हे त्याला तेव्हाही कळत होतं. तरी ती आंघोळ त्यानं मनात कुठंतरी घडी घालून ठेवली होती. फळीवर पडल्या पडल्या ती घडी उलगडली. आपण तिला सांगितलं. तिनं पुढं कुणाला सांगितलं, आणि कसं? हसत? कुठं बसून? माणूस नवऱ्याची अशी गोष्ट दुसऱ्या माणसाला कुठल्या घडीला सांगतो? आणि ऐकणाऱ्याला त्यात काय ऐकू येतं, लाथ की आंघोळ? लालबर्र्याला वीरेंद्रच्या घराला अंगण होतं. मोठं. त्या अंगणात त्याच्या आजानं कधी कुणा पोराला बोलावलं होतं का?

तिनं मलम चोळायला हात ठेवला की तो श्वास रोखून धरी. तिच्या तळहाताला काय कळत असेल? आपली पाठ तिला खरी लागते की मऊ? सुट्टी वाढवली तेव्हा तिनं काही विचारलं नव्हतं. विश्वास असणारी बाई विचारत नाही; विश्वास नसणारीही.

शेवटी एका दुपारी त्यानं विचारलं. वीरेंद्र यायचा होता, आलेला नव्हता. पौर्णिमा चहा घेऊन आली, आल्याचा, आणि कप स्टुलावर ठेवून पेंढी उचलावी तशी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवू लागली.

"तू त्याले कधी सांगितलं?"

"कोणाले? काय?"

"वीरेंद्रले. मी पायालू आहो म्हणून."

तिला शब्दच लागला नाही. त्यानं पुन्हा सांगितला. मग तिच्या कपाळावर, जुन्या पेटीत हात घालून काही शोधावं तसं झालं, आणि ते सापडलं.

"ते? नूतनच्या वेळचं? माही कंबर दुखून राह्यली होती तवाचं?" ती थोडी हसलीसुद्धा. "मले त वाटलं तुम्ही माहं मन रमवायले ते बनवून सांगितलं होतं."

"मग त्याले कसं मालूम?"

"त्याले मालूम आहे, हे तुमाले कोणं सांगितलं?"

"त्यानं म्हटलं. मैदानात. माह्या मागून."

तिनं त्याच्या काखेतले हात काढून घेतले, सावकाश, तो पडणार नाही अशा बेतानं. मग पलंगाच्या पायथ्याशी बसली. ती शाळेतून आली होती, साडीच्या काठाला खडूची पूड लागलेली होती, ती झटकत राहिली. ती ओरडणार नाही हे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं ती ओरडली नव्हती.

"म्हणजे एवढे दिवस तुम्ही हेच आयकून राह्यले होते," ती म्हणाली. "मी किचनमंधी त्यायच्यासंग काय बोलतो ते. मी त्यायले सांगत होतो का हे घरात कोणासंग बोलत नाहीत, डॉक्टर बदलून पाहू का. आन् मी कुठं बसून सांगितलं असंन, तेबी ठरवलं असंन तुम्ही."

त्यानं ठरवलं नव्हतं. त्याच्यापाशी तीन जागा होत्या. तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाले. कपबशा किणकिणल्या. आवाज विरल्यावर ती उठली आणि म्हणाली की उद्या बालाघाटला फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडं जायचं आहे, वीरेंद्रभाऊ गाडी काढणार आहेत, सकाळी लवकर उठावं लागेल.

बालाघाटला काली पुतली चौकाच्या मागच्या गल्लीत, एका औषधाच्या दुकानाच्या वर, मयुरी मॅडमची खोली होती. वयानं नूतनपेक्षा फार मोठी नसेल. जिना चढताना एका बाजूला वीरेंद्र, एका बाजूला पौर्णिमा, आणि चंद्रशेखर मध्ये, दोन्ही हातांना वेगवेगळं वजन जाणवत. मयुरी आधी हिंदीत बोलली, मग आडनाव ऐकून मराठीत आली. तिनं पाठ दाबून पाहिली, पाय उचलून पाहिले, एक्स-रे खिडकीशी धरला. हाड ठीक आहे म्हणाली. मग तिनं कोपऱ्यातला पोछ्याचा दांडा काढून त्याच्या हातात दिला आणि नुसतं उभं राहून दाखवा म्हणाली, मारू नका. तो उभा राहिला. दांडा थोडा मागं नेला. ती खाली बसली आणि त्याच्या पायाच्या घोट्याला तिनं बोट लावलं.

तिनं सांगितलं ते असं, की कंबर फिरण्यासाठी केलेलीच नाही, फिरतो तो खुबा. पाय असे गाडून ठेवले की खुबा अडतो, आणि त्याच्या वाट्याचं फिरणं कमरेवर येतं. तरुण असतो तोवर कंबर उसनं काम करून देते, पन्नाशीला देत नाही. नागपूरला शिकत होती तेव्हा असे पुष्कळ यायचे, दिवसभर खुर्चीत बसणारे आणि रविवारी अंग पिळणारे, आणि सगळ्यांना वाटायचं की त्या दिवशी काहीतरी झालं. त्या दिवशी काहीच झालेलं नसायचं, ते वर्षानुवर्षं होत आलेलं असायचं. बोलता बोलता तिनं त्याचा डावा घोटा धरून टाच उचलली.

"असा सोडा, सर. पाय हालू द्या. पाय हालू..."

आणि ती पुढचं बोलायची थांबली, कारण त्याचं अंग ताठ झालं होतं. दुखलं का, तिनं विचारलं. मागच्या खुर्चीतून वीरेंद्रचं हसू आलं, शरमलेलं.

"घ्या. मी त याले उलटंच शिकवून राह्यलो इतके दिवस. त्या दिवशी बी म्हटलं, पाय हालू देऊ नोको. रोज हिंदीत सांगतो, त्या दिवशी साहेब बाजूले होते, त्यायले वाटू नाही का हा अजून शिकूनच राह्यला, म्हणून मराठीत सांगितलं. तेबी पुरं होऊ नाही देल्लं यानं, काठी सोडून मोकला." मग तो पौर्णिमाकडं वळला. "माहीच चुकी हाय, वहिनी. मीच मोडला याले."

पाय हालू. पाय, मग बारीकशी फट, मग आलू. फट तिथंच होती जिथं असायला हवी. चंद्रशेखरला ती दिसली. आता काहीतरी सुटायला हवं होतं, कमरेत नाही तर छातीत. समोरच्या भिंतीवर माणसाच्या पाठीचं चित्र होतं, कातडी काढलेलं, लाल दोऱ्यांचं. चित्राच्या काचेत त्याला पौर्णिमा दिसली. मांडीवर त्याचा शर्ट घेऊन ती बसली होती आणि वीरेंद्रकडं नाही, त्याच्याकडं बघत होती. ती वाट बघत होती. तिला काय हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर इतकं उघडं होतं की त्याला देता आलं असतं. नुसतं वळून हसायचं होतं. पण त्याच वेळी त्याच्या डोक्यात दुसरं आलं, आपोआप, पाऊल पडावं तसं: काल दुपारी आपण तिला विचारलं. आज सकाळी याच्यापाशी उत्तर आहे. इतकं चपखल. मधल्या वेळात तिच्या हातात फोन होता. हा विचार खोटा आहे हे त्याला कळत होतं, खोट्या पाठीसारखा मऊ होता तो. तरी तो आला, आणि येताना चेहऱ्यावरून आला. काचेत पौर्णिमानं त्याला येताना पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि शर्टाची कॉलर सरळ केली.

परतताना तो मागच्या सीटवर गुडघे दुमडून आडवा होता. पुढं ते दोघं. गांगुलपाऱ्याचा घाट चढेपर्यंत कुणी बोललं नाही, आणि तो त्या गप्प बसण्याचाही कानोसा घेत राहिला, सवयीनं. घाटमाथ्यावर वीरेंद्रनं चहासाठी गाडी थांबवली आणि खिडकीतून ओरडून सांगितलं की दोन विलायचीचे, एक आल्याचा. पौर्णिमा म्हणाली, नाही, मलेबी आल्याचा. वीरेंद्रनं तिच्याकडं पाहिलं, मग आरशातून मागं पाहिलं, आणि एकट्याचा विलायचीचा सांगितला.

कंबर बरी झाली. मयुरीनं शिकवलेले व्यायाम तो खाली सतरंजीवर करी, खुबा मोकळा होत गेला. तो मैदानात जाऊ लागला. टाच उचलून खेळायला लागल्यापासून बॉल पूर्वीपेक्षा लांब जातो, असं साहेबसुद्धा म्हणाले. वीरेंद्र आता मागं उभा राहत नाही. कुणी न सांगता तो समोर येऊन उभा राहतो, जिथून दिसेल तिथं, ओठ मिटून, आणि त्याच्या घरी जेवायला बोलावणं पूर्वीसारखंच येतं.

घरी दुसरंच सुरू झालं. पौर्णिमा शाळेतून येते, पर्स खुंटीला लावते आणि सांगते. आज स्टाफरूममध्ये उन्हाळी सुट्टीचं बोलणं निघालं, मी म्हटलं आम्ही नूतनकडे जाऊ. विमलाबाई भाजी घेऊन आली, तिनं विचारलं साहेबांची तब्येत, मी म्हटलं बरी आहे. वीरेंद्रभाऊ फाटकापाशी भेटले, त्यांनी विचारलं रविवारी येणार का, मी म्हटलं येतील, एवढंच बोलणं झालं. ती चिडून सांगत नाही. हजेरी वाचावी तशी सांगते, नावापुढं नाव. पहिल्या दिवशी तो म्हणाला, मी कुठं विचारलं. हौ, ती म्हणाली, विचारलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. आता कधी सुरुंग उडाला तरी ती थांबत नाही. कपबशा किणकिणतात आणि ती त्यांच्यावरून बोलत जाते, विषय न बदलता. तो ऐकतो. ऐकताना त्याच्या लक्षात येतं की एखाद्या दिवशी ती एखादं नाव विसरली तर ते आपल्याला कळेल.

उन्हाळा लागला. आजारपणात त्याला उठवता-बसवता तिचीच कंबर धरली होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती, त्यालाही नाही. शनिवारी पलंगावर ती कुशीवर वळताना कण्हली तेव्हा त्याला कळलं. तो उठून बसला. जे एकदा म्हटलं होतं तेच म्हणाला.

"ये. मी पाय लावतो."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "हौ," ती म्हणाली, "लावा," आणि पालथी पडली, तोंड भिंतीकडं करून.

त्यानं पलंगाच्या कडेला बसून तळवा तिच्या कमरेवर टेकवला. अलगद. वाट बघितली. पातळाच्या खाली पाठ होती, श्वासाबरोबर वर-खाली होत होती. ती गरम होती का, ताठ होती का, तिच्यात राग होता का, की आता काहीच उरलं नव्हतं? तळव्याला काही कळेना. त्यानं थोडा भार दिला, मग काढला. त्या तळव्यानं मालकांच्या पाठी वाचल्या होत्या, कारकुनाचं हसू वाचलं होतं, ताटं वाचली होती. तो पाय तसाच ठेवून बसून राहिला, दाराशी थांबलेल्या माणसासारखा. तीनदा हाणायचं असतं, ते तो विसरून गेला.

थोड्या वेळानं पौर्णिमा उठली. केस बांधले. दोरीवरचा टॉवेल ओढून घेतला.

"मी आंघोळीले जाऊन राह्यलो," ती म्हणाली. "गरमी आहे म्हणून. दुसरं काही नाही."

न्हाणीघरात नळ सुटल्याचा आवाज आला.

परसवाड्याजवळच्या त्या गावात मैनाबाई सुईणीनं जिजाबाईचं पोर बाहेर काढलं तेव्हा त्याचं डोकं आधी आलं होतं.